आठ वाजता घरी, साडेनऊला ताट: रात्रीच्या जेवणाचा रोजचा खोळंबा

आमच्या घरातलं दुखणं असं होतं. सोमवारी जेवण वेळेवर, मंगळवारी थोडा उशीर, आणि बुधवारपासून घडी विस्कटायची. बुधवारी-गुरुवारी ताटं वाढायला साडेनऊ, कधी पावणेदहा. तोवर धाकटी बिस्किटं खाऊन पेंगलेली, मोठा भुकेने चिडलेला. शुक्रवारी कुणाच्यातच त्राण नसायचं, मग बाहेरून मागवायचं. पुढच्या सोमवारी नव्या उमेदीने सुरुवात आणि बुधवारी पुन्हा तेच.

घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही डोंबिवलीला राहतो. माझं ऑफिस दादरला. फास्ट लोकल मिळाली तरी पुढे रिक्षाची रांग असते, त्यामुळे दारात पाय ठेवायला पावणेआठ ते आठ होतात. बायको नर्स आहे. तिची ड्यूटी बदलती, कधी सकाळची, कधी दुपारी दोन ते रात्री नऊ, कधी रात्रपाळी. म्हणून रात्रीचा स्वयंपाक अमक्यानेच करायचा असं आमच्याकडे ठरवता येत नाही. मुलगा तेरा वर्षांचा, क्लासहून साडेसहाला येतो. मुलगी सात वर्षांची, शाळेनंतर शेजारच्या काकूंकडे असते.

वर्षभर आम्ही यावर उपाय शोधत होतो तो पाककृतींमध्ये. वीस मिनिटांत होणारी भाजी, एका भांड्यात होणारा भात, असलं बरंच करून पाहिलं. पदार्थ चांगले व्हायचे, पण जेवण साडेनऊलाच. शेवटी एका आठवड्यात मी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि रोज चार वेळा लिहून ठेवल्या: घरात आलो कधी, गॅस पेटवला कधी, कुकरची पहिली शिट्टी कधी, आणि ताटं मांडली कधी.

एका बुधवारची नोंद अशी होती: ७.५०, ८.२५, ८.४५, ९.३०. ती वाचून मी गप्पच झालो. भाजी चिरणं, फोडणी, परतणं या सगळ्याला मिळून जेमतेम पंचवीस मिनिटं लागत होती. पण गॅस पेटायच्या आधीच पस्तीस मिनिटं गेली होती. हात-पाय धुणं, चहा, मग फ्रिज उघडून उभं राहणं, "आज काय करू या?" असं एकमेकांना विचारणं, मेथी पिवळी पडलेली दिसणं, ती टाकून दुसरं काही ठरवणं. त्यानंतर कुकर, आणि कुकर उघडेपर्यंत वाट पाहणं. म्हणजे स्वयंपाकाचा वेळ मुळात जास्त नव्हता. तो सुरूच उशिरा होत होता.

साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, आधी आधण ठेवावं, मग विचार करावा." तिच्या पिढीच्या बायका घरात शिरल्या की पहिल्यांदा चुलीवर पाणी ठेवायच्या. काय शिजवायचं ते पाणी तापेपर्यंत ठरायचं. आमच्याकडे उलट चाललं होतं. आम्ही विचार पुरता झाल्याशिवाय गॅसला हातच लावत नव्हतो.

पहिला दोष: काय करायचं ते एकाच्याच डोक्यात असतं

हा दोष आम्हाला सगळ्यात उशिरा सापडला आणि फरकही याच्याच दुरुस्तीने सगळ्यात जास्त पडला, म्हणून आधी घेतो.

बायकोची सकाळची ड्यूटी असली की ती दुपारी घरी असे आणि तिला सगळं माहीत असे: वांगी आधी संपवायची, खोबरं संपत आलंय, डाळीचा नवा डबा वरच्या फळीवर आहे. ती दुपारपाळीला गेली की हे सगळं तिच्याबरोबर हॉस्पिटलात जायचं. मी स्टेशनवरून फोन करायचो, ती वॉर्डात असायची, फोन उचलायची नाही. मुलगा घरात दीड तास आधी आलेला असायचा, पण त्याला कुणी काही सांगितलेलंच नसायचं.

आता स्वयंपाकघराच्या दारामागे एक लहान फळा आहे. रविवारी रात्री त्यावर पाच दिवसांचं जेवण लिहितो. त्यात नुसतं "वरण-भात" असं लिहून भागत नाही, हे आम्ही दुसऱ्याच आठवड्यात शिकलो. मापासकट लिहावं लागतं: "तूरडाळ १ वाटी, तांदूळ दीड वाटी, धुऊन प्यायच्या पाण्यात भिजत. भोपळा फ्रिजच्या खालच्या खणात." एवढं असलं की घरात जो पहिला येईल तो सुरुवात करू शकतो. मुलगा साडेसहाला येतो, डाळ-तांदूळ धुऊन भिजत घालतो, कोथिंबीर निवडतो. कुकर तो एकटा असताना लावत नाही, ते आमचं पक्कं ठरलेलं आहे. पण मी आठला पोचतो तेव्हा डाळ दीड तास भिजलेली असते. मी चपला काढतो, कुकर लावतो आणि मग हात-पाय धुवायला जातो. कपडे बदलून, चहा पिऊन होईतो कुकरचं काम झालेलं असतं.

फळ्यावरचं काही दगडावरची रेघ नाही. दिवस बदलतात, कुणाचं पोट बिघडतं, कुणी पाहुणं येतं. पण आधी लिहिलेलं असलं की बदलायला दोन मिनिटं लागतात. कोऱ्या फळ्यापुढे पंधरा जातात.

दुसरा दोष: कुकर लावला, पण डाळ शिजत नाही

हे ज्यांच्याकडे वारंवार होतं त्यांनी इथे जरा थांबावं, कारण यात चार-पाच वेगवेगळी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात आणि आपण प्रत्येक वेळी फक्त शिट्ट्या वाढवत बसतो.

शिट्टी हे वेळेचं माप नाही. बंद कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे आतलं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं आणि म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी होते ती जास्तीची वाफ बाहेर पडते म्हणून. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या पटापट होऊन जातात आणि डाळ टचटचीतच राहते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि तिथून मिनिटं मोजावीत. भिजलेल्या तूरडाळीला आमच्या कुकरमध्ये दहा मिनिटं पुरतात. मूगडाळीला त्याहून कमी.

पहिली शिट्टीच होत नसेल तर झाकणाच्या कडेला बघा. तिथून वाफ निघत असली तर रबर ताठर झालंय. ते थोडा वेळ गार पाण्यात टाकलं तर त्या रात्रीपुरतं काम भागतं, पण दुसऱ्या दिवशी नवं आणावं, आणि ते आपल्या कुकरच्या कंपनीचंच. आमचं रबर तीन वर्षांचं झालं होतं. त्या तीन वर्षांत किती गॅस नुसताच जळाला असेल, याचा विचार करून मला खरंच वाईट वाटलं. शिट्टी बसते त्या नळीत डाळीचा कण अडकलेला नाही ना, हे झाकण उजेडासमोर धरून रोज पाहावं. ती तुंबलेली असणं धोक्याचं आहे. डाळीचा फेस वर येऊन ती तुंबू नये म्हणून डाळ-पाणी मिळून भांडं अर्ध्याच्या वर भरू नये आणि डाळीत अर्धा चमचा तेल घालावं.

रबर चांगलं, आच बरोबर, तरी डाळ शिजत नाही? मग पाणी तपासा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा हे हमखास होतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. डाळ धुवा कोणत्याही पाण्याने, पण भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. तुमच्या फिल्टरने पाण्याचा जडपणा कमी होत असेल तर फरक त्याच दिवशी दिसेल.

आंबटही याच कामी आड येतं. वेळ वाचवायला म्हणून मी टोमॅटो आणि आमसूल डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकायचो. आंबटाने डाळ दडस राहते. चिंच, आमसूल, टोमॅटो, सगळं डाळ शिजून घोटल्यावरच घालायचं. आणि डाळ फार जुनी असेल तर यातलं काहीही केलं तरी ती नीट शिजत नाही, तिला भिजवायलाच जास्त वेळ द्यावा लागतो. चिमूटभर सोडा घातला की शिजते, हे खरं आहे. पण सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी लागते. रोजच्या वरणात मी सोडा घालत नाही.

राहिला प्रश्न कुकर उघडण्याचा. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि भूक लागलेली असली की ती फार वाटतात. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढायची सवय अनेकांना असते. आत डाळ असेल तर फेस उसळून अंगावर येतो, ते करू नका. त्याऐवजी मोठ्या पाच लिटरच्या कुकरला रजा द्या. आम्ही चौघांसाठी तीन लिटरचा घेतला. तो लवकर तापतो आणि लवकर उतरतो. ज्या दिवशी तेवढाही वेळ नसेल त्या दिवशी मसूरडाळ. सालं काढलेली केशरी मसूर उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत मऊ होते, भिजवावी लागत नाही.

सकाळी निघताना डाळ भिजवून ओट्यावर ठेवायचा प्रयोग आम्ही मे महिन्यात केला होता. संध्याकाळी फेस आलेला होता आणि आंबूस वास. सकाळी भिजवायचीच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

तिसरा दोष: बुधवारी भाजीच नसते

म्हणजे असते, पण जी असते ती करता येत नाही. रविवारी आपण बाजारात जातो, मेथी छान दिसते, चवळीची पालेभाजी दिसते, वांगी, भेंडी, कोबी, दुधी असं सगळं घेतो. सोमवारी दमलेले असतो म्हणून सोपा कोबी करतो. मंगळवारी दुधी. बुधवारी उरते ती मेथी, पिवळी पडलेली, तीही निवडायची राहिलेली. आमच्या बुधवारच्या घोळाचं मूळ कारण एवढंच होतं. आम्ही टिकणारी भाजी आधी खात होतो आणि नासणारी मागे ठेवत होतो.

आता क्रम उलटा केला. पालेभाजी सोमवारी, फार तर मंगळवारी. भेंडी, वांगी, फरसबी त्यानंतर. कोबी, दुधी, लाल भोपळा, गाजर, सुरण यांना शेवटी हात लावायचा. कापलेला नसेल तर लाल भोपळा कितीतरी दिवस टिकतो, आणि गुरुवारी रात्री त्याची मेथीदाण्याची फोडणी दिलेली भाजी दहा मिनिटांत होते.

पालेभाजी रविवारीच निवडायची. याला दुसरा उपाय नाही. निवडलेला पाला धुवायचा नाही. कोरडाच सुती कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवायचा, धुवायचा तो भाजी करायच्या वेळी. ओला पाला दुसऱ्या दिवशी चिकट होतो. लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, ते बायको वर्षानुवर्षं बघत आलीय. तिचं मत असं की तो वेळ त्या बाईच्या विश्रांतीचा आहे आणि तो तसाच राहावा. मला ते पटतं. म्हणून आमच्याकडे निवडण्याचं काम रविवारी दुपारी चौघांनी मिळून करायचं असतं. मुलगी शेंगा मोडते, तिला ते आवडतं.

आणि बुधवारी भाजी नाहीच, असं ठरवून टाकलं. बुधवार कडधान्याचा. मटकी सोमवारी रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून पंच्यात बांधून ठेवायची. उन्हाळ्यात मंगळवारी रात्रीच मोड दिसतात. तसं झालं तर लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर मोड लांब होऊन मटकीला वास येतो. थंडीत बुधवार सकाळपर्यंत वेळ लागतो आणि गाठोडं कुठेतरी उबेला ठेवावं लागतं. आम्ही ते मिक्सरमागच्या बंद कपाटात ठेवतो. मोड आलेली मटकी कुकरला लावायची गरज नाही. फोडणीत परतून, गरम पाणी घालून झाकण ठेवलं की पंधरा मिनिटांत शिजते. कुकरमध्ये तिचा गिचका होतो.

चौथा दोष: वाटण

उसळ असो, आमटी असो, भरली वांगी असोत, कांदा-खोबरं भाजून वाटण्यात वीस मिनिटं जातात आणि मिक्सरचं भांडं धुवायचं काम वाढतं. रविवारी एकदाच कांदा उभा चिरून तेलावर चांगला तपकिरी करायचा, सुकं खोबरं मंद आचेवर भाजायचं, थोडे धणे, लसूण, कमीत कमी पाण्यात वाटायचं आणि बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये. गोठलं की वड्या काढून डब्यात. चौघांच्या उसळीला तीन वड्या लागतात. गोडा मसाला यात मिसळू नका, तो आयत्या वेळी घातला तरच वास राहतो.

आलं-लसूण-मिरचीचा ठेचा मात्र जपून. तो तेलात बुडवून बाहेर ठेवायची पद्धत काही घरांत आहे. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणाला हवा मिळत नाही, आणि अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. तो विषबाधेचाच प्रकार आहे, आणि चवीवरून-वासावरून कळतोच असं नाही. थोडाच करा, फ्रिजमध्येच ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. जास्त असेल तर फ्रीझर.

काहीच तयारी नसेल त्या रात्रीसाठी

असे दिवस येतातच. लोकल रखडते, फळ्यावरचं राहून जातं. अशा रात्री घरात कायम असलेल्या तीन गोष्टींवर आमची भिस्त असते: बेसन, भाजणी आणि मूगडाळ.

पिठलं मी आता डोळे मिटून करतो, पण आधी बरेच दिवस त्यात गाठी व्हायच्या. कारण मी फोडणीच्या उकळत्या पाण्यात कोरडं बेसन घालायचो. जुन्या हाताच्या बायकांना ते जमतं. त्या एका हाताने पीठ भुरभुरतात आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळतात. आपल्याला जमत नसेल तर तसं करूच नये. उकळत्या पाण्यात पडलेल्या पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. तीच गाठ. एक वाटी बेसन घ्या, त्यात एक वाटी गार पाणी थोडं थोडं घालत हाताने कालवा. बोटांना एकही गाठ लागता कामा नये. कढईत तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मीठ आणि दोन-अडीच वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करून कालवलेलं पीठ एका धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मिनिटभरात ते दाटायला लागतं आणि मोठमोठे बुडबुडे "फद् फद्" करत फुटतात. हाताला चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या. आता झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर सात-आठ मिनिटं. पिठलं कच्चट लागतं ते इथे घाई केल्यामुळे. झाकण काढल्यावर वर तकाकी दिसली आणि कडेने सुटायला लागलं की झालं. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि तेवढ्यात एका बाजूला साधा भात होतो.

भाजणी आईकडून येते. थालीपीठ तव्यावर मोडत असेल तर पीठ गरम पाण्यात भिजवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. भाजलेल्या धान्याच्या पिठात चिकटपणा कमी असतो, गरम पाण्याने तो थोडा येतो. कांदा फार घातला तर तो पाणी सोडतो आणि मग ते थापता येत नाही. ओल्या कपड्यावर थापून, मधे भोकं पाडून, झाकण ठेवून एक बाजू पूर्ण खरपूस होऊ द्यावी. मुलं दह्याबरोबर खातात.

मूगडाळीच्या खिचडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, मऊ हवी असेल तर पाच वाट्या पाणी. वर तूप, बाजूला भाजलेला पापड आणि लोणचं. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, ते पूर्ण जेवण आहे.

पोळी-भाकरीचं काय?

आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून येतात. सुरुवातीला बायकोला ते जड जायचं. मी एवढंच म्हणेन की ते केंद्र चालवणाऱ्याही कष्टाळू बायकाच आहेत आणि त्यांच्या पोळ्या चांगल्या असतात. बाकीच्या दिवशी कणीक सकाळीच मळून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये. संध्याकाळी ती काळपट दिसते, पण त्याच दिवशी वापरली तर बिघडत नाही. आंबूस वास आला तर टाकावी. लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी, नाहीतर पोळ्या वातड होतात. हे कामही फळ्यावर मुलाच्या नावापुढे लिहिलेलं असतं.

भाकरी थापताना चिरत असेल तर दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, पिठाचा असतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. गिरणीतून एका वेळी किलोभरच दळून आणावं आणि पीठ कढत पाण्याने मळावं. बाजरीचं पीठ तर त्याहून कमी टिकतं, कडवट होतं. आमच्याकडे भाकरी शनिवारीच होते. रोजच्या घाईत ती बसवायचा हट्ट आम्ही सोडला.

सकाळचा भात

हे कळकळीने सांगतो, कारण आम्हीही वर्षानुवर्षं ही चूक केली. सकाळचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री फोडणी द्यायची. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा कितीही गरम केलं तरी जात नाही. आपल्याकडच्या हवेत बारा तास हा फार मोठा वेळ आहे. भात उरला तर ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात फ्रिजमधल्या भाताचाच चांगला होतो, शितं मोकळी राहतात. उरलेलं वरणही असंच ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याला पाणी, चिंच-गूळ घालून उकळी आणायची आणि कणकेच्या चकत्या सोडायच्या. वरणफळं हा आमच्या धाकटीचा सगळ्यात लाडका पदार्थ आहे.

मुलांची सातची भूक

ती खरी असते. तिला बिस्किटं दिली की नऊला जेवण जात नाही, आणि मग आपण म्हणतो, मुलं जेवतच नाहीत. आता सातला शेंगदाणे-गूळ, एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं. काकडी-गाजर कापून डब्यात ठेवलेली असतात. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला.

दीड वर्ष झालं. कागदावर शेवटची नोंद केली तो बुधवारच होता: ७.५५, ७.५८, ८.१०, ८.४०. शुक्रवारी अजूनही कधीतरी बाहेरून मागवतो, पण ते सगळ्यांना हवं असतं म्हणून.

दुपारपाळीच्या दिवशी बायको सव्वादहाला येते. तिच्या ताटाचा प्रश्न बरेच दिवस सुटला नव्हता. सगळं झाकून ठेवायचो, तोवर पिठलं दगडासारखं आळायचं आणि मायक्रोवेव्हमध्ये आणखी कोरडं व्हायचं. आता तिच्या वाटणीचं कढईतच ठेवतो. ती रिक्षात बसली की फोन करते. मी पातेल्यात अर्धी वाटी पाणी उकळतो, ते पिठल्यात घालून डावाने मोडतो आणि बारीक आचेवर झाकण ठेवतो. दुसऱ्या गॅसवर लसणाची चमचाभर ताजी फोडणी. दाराची बेल वाजते तेव्हा ती तडतडत असते.